विश्लेषण : रोटरी इंजिनाला ताकद देणारे भोक त्याच्याच मुळावर कसे आले? कोण होते फेलिक्स वँकेल?

नाशिकच्या कॉलेज रोडवर आजही एखादी जुनी यामाहा आरएक्स १०० तडतडत गेली की माना वळतात. गाडीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, पण तिचे ‘पोर्टिंग’ करून घेण्याची हौस काही थांबलेली नाही. पोर्टिंग म्हणजे सिलिंडरच्या भिंतीत धूर बाहेर जाण्यासाठी असलेले भोक ग्राइंडरने थोडे वर आणि थोडे रुंद करणे. टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली सरकला की भोक उघडते, वर गेला की बंद होते. भोकाची कड वर नेली की धूर लवकर सुटतो. मग गाडी वरच्या आरपीएमला सुसाट पळते, पण सिग्नलवरून निघताना पिकअप मार खातो.

भिंतीतल्या भोकाचा हाच खेळ आणखी एका इंजिनात चालतो. त्यात वर-खाली होणारा पिस्टनही नाही. ते म्हणजे रोटरी इंजिन. मेकॅनिकलच्या पुस्तकात त्याला जेमतेम अर्धे पान मिळते आणि परीक्षेत बहुतेक जण तो प्रश्न ऑप्शनला टाकतात. ते बनवणाऱ्या माणसाकडे मात्र इंजिनीअरिंगची पदवी नव्हती.

पदवी नाही, लायसन्सही नाही

फेलिक्स वँकेल यांचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीतील लार या गावी झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच ते मारले गेले आणि आई मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. १९२१ मध्ये वँकेल यांचे शिक्षण सुटले. ते एका प्रकाशनसंस्थेत उमेदवारी करू लागले. १९२४ मध्ये त्यांनी हायडेलबर्गमध्येच स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले. जवळचेच दिसत असल्याने त्यांनी आयुष्यात कधी ड्रायव्हिंग लायसन्स काढले नाही.

वर-खाली होणारा पिस्टन त्यांना खटकत असे. एका फेऱ्यात तो दोनदा थांबतो, दिशा बदलतो आणि त्या धक्क्यांनी इंजिन थरथरते. सगळे भाग गोल फिरले तर? ही कल्पना नवी नव्हती. अनेकांनी प्रयत्न केले होते आणि ते एकाच जागी अडकले होते. फिरणारा भाग आणि भिंत यांच्यातली फट बंद कशी करायची, हा प्रश्न सुटत नव्हता. वँकेल यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या फटीवर, म्हणजे सीलवर घालवली. रोटरी इंजिनाचे त्यांचे पहिले पेटंट १९२९ चे आहे.

नाझी पक्षातला माणूस

त्यांच्या आयुष्याचा हा भाग इंजिनाच्या कौतुकात अनेकदा गाळला जातो. तो गाळण्यासारखा नाही. वँकेल १९२२ मध्येच, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या ११ वर्षे आधी नाझी पक्षात गेले. बाडेन प्रांतातील पक्षाच्या युवक संघटनेची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तिथला पक्षप्रमुख रॉबर्ट वॅग्नर याच्याशी त्यांचे बिनसले. त्यांनी वॅग्नरवर भ्रष्टाचाराचे आरोप केले आणि १९३२ मध्ये पक्षातून हकालपट्टी ओढवून घेतली. पुढच्याच वर्षी वॅग्नरच्या हाती सत्ता आली आणि त्याने वँकेल यांना तुरुंगात टाकले. हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केपलर याने मध्यस्थी केली तेव्हा काही महिन्यांनी सुटका झाली.

हे भांडण पक्षांतर्गत होते. विचारसरणीला त्यांनी विरोध केला असे यातून दिसत नाही. १९३६ मध्ये लिंडाऊ येथे त्यांची कार्यशाळा उभी राहिली ती हवाईदल मंत्रालयाच्या पैशावर. तिथे विमानांच्या इंजिनांसाठी फिरते व्हॉल्व्ह आणि सील यांवर काम चालले. १९४० मध्ये ते एसएसमध्ये वरिष्ठ पदावर गेले आणि दोन वर्षांनी त्यांना तिथून काढण्यात आले. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याने कार्यशाळा मोडली, त्यांना अटक केली आणि पुढे काही काळ त्यांना संशोधनाची मुभा नव्हती.

दोन इंजिने, एक नाराजी

१९५१ मध्ये एनएसयू या वाहन कंपनीशी करार झाला आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले इंजिन सुरू झाले. फक्त १२५ सीसीचे हे यंत्र २१ हॉर्सपॉवर देत होते. त्यात आतला रोटर आणि त्याभोवतीचे घर, दोन्ही फिरत असत. चालायला अतिशय मऊ, पण स्पार्क प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावे लागे. एनएसयूचे इंजिनीअर हान्स डीटर पाश्के यांनी बाहेरचे घर स्थिर ठेवून फक्त रोटर फिरवणारी सोपी रचना केली, तीही वँकेल यांना न सांगता. आपल्या शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपले, अशा अर्थाची नाराजी वँकेल यांनी बोलून दाखवल्याचे सांगतात. पण आज ज्याला सगळे वँकेल इंजिन म्हणतात ते पाश्के यांनी सोपे केलेलेच.

पोर्ट वाढवले की नेमके काय होते?

बाजू किंचित फुगीर असलेला त्रिकोणी रोटर आठच्या आकड्यासारख्या, मध्ये चिमटलेल्या घरात फिरतो. त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्पा पेट्रोल-हवा घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर सोडणे ही कामे ओळीने करतो. धुराचे भोक घराच्या गोलाकार भिंतीत असते. रोटरचे पुढचे टोक त्यावरून सरकले की कप्प्यासाठी भोक उघडते, मागचे टोक गेले की बंद होते. कॅमशाफ्ट नाही, स्प्रिंग नाही. भोकाची कड कुठे आहे, एवढ्यावरच टायमिंग ठरते.

म्हणून ताकद वाढवायची तर ग्राइंडर पुरतो. उघडणारी कड अलीकडे घेतली की धूर लवकर सुटतो आणि वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेते. कमी वेगात मात्र जळता वायू ढकलण्याचे काम पुरे होण्याआधीच बाहेर पडतो, म्हणजे पेट्रोल फुकट जाते. बंद होणारी कड पुढे नेली तर जुना धूर आणि नवे मिश्रण एकमेकांत मिसळू लागते आणि इंजिन आयडलिंगला अडखळते. भोक फार रुंद केले की टोकावरच्या सीलला आधार उरत नाही. खोल घासले तर मागच्या पाण्याच्या वाटेला छिद्र पडते आणि आख्खे घर भंगारात जाते.

मुळातले दुखणे वेगळेच आहे. कप्पा लांबट आणि चपटा असल्याने ज्योत मागच्या कोपऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तिथले न जळलेले पेट्रोल मागचे सील भिंतीवरून खरवडत आणते आणि थेट त्याच भोकातून बाहेर टाकते. १९६७ च्या एनएसयू आरओ ८० ला ‘कार ऑफ द इयर’ मिळाले, पण सील झिजून इंजिने परत येऊ लागली आणि कंपनी १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणारे इंजिन कुणाला नको होते. जनरल मोटर्सने १९७० मध्ये ५ कोटी डॉलरचा परवाना घेतला होता, तरी प्रकल्प गुंडाळला.

टिकली ती हिरोशिमाची मझदा. १९९१ मध्ये चार रोटरच्या, सुमारे ७०० हॉर्सपॉवरच्या ७८७बी गाडीने २४ तासांची ल मां शर्यत जिंकली. त्यात आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दोन्ही भोके गोल भिंतीतच होती. शर्यतीत आयडलिंगची फिकीर कोण करतो? रस्त्यावरच्या आरएक्स ८ साठी मात्र २००३ मध्ये मझदाने धुराचे भोक भिंतीतून काढून बाजूच्या झाकणांत नेले. न जळलेले पेट्रोल आता आतच राहून पुढच्या फेरीत जळू लागले.

वँकेल यांनी हे काही पाहिले नाही. १९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, १९७१ मध्ये हक्क विकून त्यांना मोठी रक्कम मिळाली. प्राण्यांवरील प्रयोग कमी करणाऱ्या संशोधनासाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे इंजिन नाशिकच्या शेजारपर्यंतही येऊन गेले आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ हॉर्सपॉवरचे देशी वँकेल इंजिन तयार झाले. गाभा बंगळूरुच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा, तर भोवतालच्या यंत्रणांचे काम अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई या लष्करी वाहन संशोधन संस्थेचे. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ हे विमान सुमारे ४० मिनिटे उडाले. इंजिनाचे वजन ३० किलोच्या आसपास होते. विमान बराच वेळ जवळपास एकाच आरपीएमवर उडते, त्याला सिग्नलवर थांबायचे नसते.