रक्तदाते डॉमिनिक डिसोझा

आज आम्ही वाचकांना गोव्यातील एका तरुणाचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत. आपले पूर्वज ज्या कोकणातून बोटीने मॉरिशसला आले, त्याच किनाऱ्याला लागून गोवा आहे.

डॉमिनिक डिसोझा हे म्हापशाजवळच्या पर्रा गावचे. सुशिक्षित, वन्यजीव-रक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेत नोकरी, वय तिशीच्या आसपास. गरजूंना रक्त द्यावे, हा त्यांचा नेम होता.

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली लागण १९८६ साली मद्रासमध्ये उघडकीस आली. तेव्हा लोकांनी या रोग्याचे एक चित्र मनाशी ठरवून टाकले होते : परदेशी पाहुणा, शरीरविक्रय करणारी स्त्री किंवा नशेबाज. आपल्या शेजारचा सज्जन मुलगा त्या चित्रात बसत नव्हता. गोवा सरकारने तर अशा रोग्यास वेगळे कोंडून ठेवण्याचा कायदाच केला होता.

डॉमिनिक यांनी दिलेल्या रक्ताच्या तपासणीत हा विषाणू आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना बोलावून नेले आणि म्हापशातील क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात पहाऱ्यात ठेवले. गुन्हा काही नव्हता. स्पर्शाने वा एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांना त्या काळीही ठाऊक होते. तरी ते ६४ दिवस एकटे राहिले.

त्यांची आई लुसी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. मुंबईचे वकील आनंद ग्रोवर यांनी बाजू मांडली. एप्रिलमध्ये डॉमिनिक सुटले. परंतु न्यायालयाने तो कायदा मात्र योग्य ठरवला. डॉमिनिक खचले नाहीत. आपले नाव न लपवता ते लोकांशी बोलू लागले. १९९२ साली त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. पुढे २०१७ साली भारतात नवा कायदा झाला. संमतीवाचून तपासणी करणे आणि रोग्याशी भेदभाव करणे यांस त्याने मनाई केली.

या चरित्रातून आम्हांला एक गोष्ट विशेष वाटते. डॉमिनिक सापडले ते रक्त दिल्यामुळे. ज्याची तपासणी झाली त्याचेच नाव यादीत आले. ज्यांची झाली नाही ते सारे निरोगी समजले गेले. म्हणून यादी पाहून रोग कोणाचा हे ठरवू नये.

आपल्या मॉरिशसचाही अनुभव असाच आहे. २००५ साली येथे नव्याने आढळलेल्या दहांपैकी नऊ जण सुईने नशा करणारे होते. २००६ पासून स्वच्छ सुया व मेथाडोन देण्याची योजना सुरू झाली. मग तो आकडा उतरला आणि लैंगिक संबंधातून लागण झालेल्यांचा वाटा वाढला. त्यांत संसारी स्त्री-पुरुषही आले. हा रोग फक्त नशेबाजांचा, असे मानून जे घरी बसले, त्यांना तो उशिरा कळला.

आज रोजच्या गोळ्यांनी मनुष्य दीर्घायुषी होतो. उपचार नीट चालू असून रक्तात विषाणू दिसेनासा झाला, तर जोडीदारास लागणही होत नाही. सरकारी आरोग्यकेंद्रात तपासणी मोफत आहे. घरातील तरुणांना ती करून घेण्यास सांगावे, आणि कोणास रोग निघाला तर त्याचे ताट वेगळे मांडू नये, एवढीच आमची वाचकांना विनंती.