काटेरी तारेचे जनक जोसेफ ग्लिडन

ओझर परिसरात द्राक्षबागेच्या बांधावर काटेरी तार दिसली, तर कोणी थबकून पाहत नाही. बाभळीच्या काट्यांची वई किंवा निवडुंग यांची जागा या तारेने घेतली, ती इतक्या निमूटपणे. ही तार रूढ करणारे जोसेफ ग्लिडन मूळचे कारखानदार नव्हते. ते अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले शेतकरी होते.

त्यांचा जन्म १८१३ साली न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. १८४०च्या दशकात ते इलिनॉयमधील डीकाल्ब येथे आले. पुढे १८६२च्या कायद्याने सरकार पश्चिमेकडे वस्ती करणाऱ्यांना १६० एकर जमीन देऊ लागले. मात्र त्या गवताळ प्रदेशात झाडे विरळ असल्याने लाकडी कुंपण परवडत नसे आणि साधी तार गुरे अंगाने रेटून पाडत. राखण नाही, म्हणून पीक नाही, असा हा पेच होता.

१८७३ साली डीकाल्बच्या जत्रेत ग्लिडन यांनी खिळे ठोकलेली एक लाकडी पट्टी पाहिली. घरी येऊन त्यांनी कॉफी दळण्याच्या यंत्रावर तारेचे काटे वळवले आणि ते सरकू नयेत म्हणून दुसऱ्या तारेचा पीळ दिला. सारे मर्म त्या पिळात होते. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्यांना पेटंट मिळाले. दोनच वर्षांत त्यांनी उरलेला अर्धा हिस्सा ६०,००० डॉलर व स्वामित्वधनाच्या बदल्यात विकला. कोर्टकज्जे मात्र १८९२पर्यंत चालले.

तारेचा भाव १८७४ साली शंभर पौंडांना २० डॉलर होता. १८९७पर्यंत तो दोन डॉलरच्याही खाली आला. या स्वस्ताईनेच कुरणांची शेते झाली. आपल्याकडे सुगीनंतर मोकळ्या रानात धनगरांची मेंढरे फिरतात. टेक्सासात तर गुरांचे कळप बारमाही मोकळे चरत. त्यांचे पाणवठे व वाटा आता कुंपणाआड गेल्या. १८८३ साली तेथे रातोरात तारा तोडल्या जाऊ लागल्या, रक्तपातही झाला आणि १८८४ साली तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरला. १८८५-८६च्या हिमवादळांत दक्षिणेकडे निघालेली हजारो गुरे कुंपणांना अडून गोठून मेली. खुद्द ग्लिडन यांचीही टेक्सासातील एका तारबंद पशुक्षेत्रात भागीदारी होती, हे येथे नोंदवायला हवे.

उत्तरायुष्यात त्यांनी डीकाल्बमधील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयासाठी आपली जमीन दिली. ९ ऑक्टोबर १९०६ रोजी वयाच्या ९३व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.