जॉर्ज हर्बर्ट : एका गावाचा पाळक

इंग्रजी काव्याच्या इतिहासात जॉर्ज हर्बर्टचे नाव मेटॅफिजिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवींच्या मालिकेत जॉन डनच्या पाठोपाठ येते. लोकस्मृतीत मात्र तो कवीइतकाच एका लहानशा खेड्याचा धर्मगुरू म्हणून टिकून राहिला आहे. त्याला जेमतेम चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातली अवघी तीन वर्षे त्याने त्या खेड्यात काढली. उरलेला काळ विद्यापीठ, राजदरबाराचा परिसर, आप्तांची घरे आणि आजारपण यांत गेला. इतक्या अल्प वास्तव्याने त्याची प्रतिमा कायमची का ठरवली, आणि त्या प्रतिमेत सत्य किती व श्रद्धेची भर किती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

हर्बर्टचा जन्म ३ एप्रिल १५९३ रोजी वेल्सच्या सीमेवरील माँटगोमेरी येथे एका मातब्बर घराण्यात झाला. १५९६ मध्ये वडील वारले. सात मुलगे आणि तीन मुली यांचा सांभाळ त्याची आई मॅग्डलेन हिने केला. ही स्त्री असामान्य होती. विद्वानांचा तिच्या घरी राबता असे आणि जॉन डन हा तर तिचा निकटचा स्नेही होता. थोरला भाऊ एडवर्ड पुढे चर्बरीचा लॉर्ड हर्बर्ट म्हणून तत्त्वचिंतनाच्या क्षेत्रात प्रसिद्धीस आला. जॉर्जचे शिक्षण वेस्टमिन्स्टर येथील शाळेत आणि १६०९ पासून केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. लॅटिन व ग्रीक या भाषांवर त्याचे प्रभुत्व होते. १६१८ मध्ये तो अलंकारशास्त्राचा अध्यापक झाला आणि १६२० मध्ये विद्यापीठाच्या अधिकृत वक्त्याचे पद त्याला मिळाले.

हे पद दिखाऊ नव्हते. राजा किंवा परदेशी पाहुणा आला की विद्यापीठाच्या वतीने लॅटिनमध्ये स्वागताचे भाषण करायचे, थोरामोठ्यांना डौलदार पत्रे लिहायची, अशी ती जबाबदारी होती. या पायरीवरून पुढे राज्यकारभारातील उच्च पदे मिळवणारे पूर्वसूरी त्याच्यासमोर होते. १६२४ मध्ये तो माँटगोमेरीचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्येही बसला. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने डीकनची, म्हणजे धर्मसेवेच्या पहिल्या पायरीची, दीक्षा घेतली आणि ऐहिक कारकिर्दीचा मार्ग जवळजवळ बंद करून घेतला. १६२५ मध्ये राजा पहिला जेम्स मरण पावला. ज्यांच्या आधारावर दरबारी उत्कर्षाची आशा धरता आली असती असे त्याचे अन्य आश्रयदातेही याच सुमारास निवर्तले. दीक्षा वैराग्यातून आली की निराशेतून, याची चर्चा चरित्रकार आजवर करीत आले आहेत. दोन्हींचे मिश्रण असावे असे मानणे मनुष्यस्वभावाला धरून होईल. कारण डीकन झाल्यावरही पुढची पाच-सहा वर्षे त्याने पूर्ण धर्मगुरूची दीक्षा घेतली नाही. प्रकृती खालावली होती, मन द्विधा होते आणि १६२७ मध्ये आईच्या निधनाने मोठा आघात झाला. त्याच वर्षी त्याने तिच्या स्मरणार्थ लॅटिन व ग्रीक कविता प्रसिद्ध केल्या.

या संभ्रमाच्या काळातच एका पडक्या चर्चने त्याला काम दिले. हंटिंग्डनशरमधील लेटन ब्रोम्सवोल्ड या गावाशी निगडित एक मानवृत्ती त्याला १६२६ मध्ये मिळाली होती. तेथील चर्च मोडकळीस आले होते. हर्बर्टने निधी जमवून त्याचा जीर्णोद्धार आरंभला. जवळच लिटल गिडिंग येथे कुटुंबासह प्रार्थनामय जीवन जगणारा त्याचा मित्र निकोलस फेरर याने त्या कामी साह्य केले. या चर्चमध्ये प्रार्थना वाचण्याचे पीठ आणि उपदेशाचे पीठ समान उंचीची आहेत. प्रार्थना आणि उपदेश यांत थोरले-धाकटे नाही, हा हर्बर्टचा विचार तेथे लाकडात उतरलेला दिसतो.

५ मार्च १६२९ रोजी जेन डॅनव्हर्सशी त्याचा विवाह झाला आणि पुढील वर्षी विल्टशर परगण्यातील फगलस्टन व बेमर्टन या जोडगावांच्या रेक्टरपदी त्याची नेमणूक झाली. २६ एप्रिल १६३० रोजी त्याने पदभार घेतला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये पूर्ण धर्मगुरूची दीक्षा घेतली. मराठी ख्रिस्ती समाजात धर्मगुरूला पाळक म्हणण्याचा प्रघात आहे. हर्बर्टच्या या नव्या भूमिकेला तो शब्द नेमका लागू पडतो.

बेमर्टन हे नॅडर नदीच्या काठचे खेडे. एका बाजूस विल्टन येथे त्याचे आप्त असलेल्या पेंब्रोकच्या अर्लांचा भव्य वाडा, दुसऱ्या बाजूस दीडएक मैलावर सॉल्झबरीचे कॅथीड्रल, आणि या दोन वैभवांच्या मध्ये सेंट अँड्र्यूचे इवलेसे चर्च. रस्त्याच्या एका अंगास चर्च आणि दुसऱ्या अंगास रेक्टरचे घर. दोन्हींची दुरुस्ती हर्बर्टने करून घेतली. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकाराखाली येणारे गाव व त्याचे शिवार. पण त्या काळी पॅरिश हे केवळ उपासनेचे क्षेत्र नव्हते. जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद तेथे होई, गरिबांचे साह्य त्यामार्फत वाटले जाई, पिकाचा दशांश रेक्टरला मिळे आणि उपासना चुकवणाऱ्याचे नाव चर्चवॉर्डन धर्मन्यायालयाला कळवीत. अर्थात पाळक हा सत्तेचाही एक धनी होता. ही गोष्ट विसरल्यास हर्बर्टची गोष्ट केवळ गोड होऊन बसते.

ती तशी होण्याचे श्रेय बव्हंशी आयझॅक वॉल्टनकडे जाते. त्याने हर्बर्टचे चरित्र १६७० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी, प्रसिद्ध केले. हर्बर्टशी त्याचा निकटचा परिचय नव्हता. पदग्रहणाच्या दिवशी प्रथेप्रमाणे चर्चमध्ये एकटाच कोंडला गेलेला हर्बर्ट वेदीपुढे साष्टांग पडलेला मित्राला खिडकीतून दिसला, असे वॉल्टन सांगतो. रोजच्या प्रार्थनेची घंटा वाजली की शेतकरी नांगर थांबवून क्षणभर प्रार्थना करीत, असेही तो लिहितो. सॉल्झबरीला पायी जाताना ओझ्याखाली कोसळलेले एका गरिबाचे घोडे पाहून हर्बर्टने अंगरखा उतरवला, ओझे काढायला व पुन्हा लादायला हात लावला आणि चिखलाने माखलेल्या वेषातच तो संगीतप्रेमी मित्रांच्या बैठकीत जाऊन बसला, ही आख्यायिकाही त्याचीच. आपल्या संतचरित्रांच्या वाचकाला ही शैली ओळखीची वाटेल. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे, परंतु ती चरित्रनायकाला आधीच सिद्धावस्थेत पाहते.

सिद्ध नव्हे तर साधक हर्बर्ट भेटतो तो त्याच्या स्वतःच्या गद्यग्रंथात. द कंट्री पार्सन या नावाने परिचित असलेल्या या छोट्या पुस्तकाची प्रस्तावना १६३२ सालची आहे. त्यात सदतीस प्रकरणे असून गावच्या पाळकाने कसे वागावे याचे चित्र त्यांत रेखाटले आहे. आपण जे साधू शकलो ते नव्हे, तर जे गाठावयाचे आहे ते लक्ष्य म्हणून त्याने ते लिहिले. म्हणून बेमर्टनमध्ये प्रत्यक्ष काय घडले याचा पुरावा म्हणून ते जपून वापरावे लागते. तथापि खेड्याचे इतके बारीक निरीक्षण तेथे राहिल्यावाचून शक्य झाले नसते.

या ग्रंथातील पाळक आठवड्यातील दुपारी घरोघर फिरतो, कारण रविवारी लोक ठेवणीतले कपडे घालतात तसेच ठेवणीतले मनही घेऊन येतात. कामात गढलेला माणूस त्याला पाहावयाचा आहे. अत्यंत दरिद्री झोपडीत, वाकून शिरावे लागले आणि दुर्गंधीने जीव नकोसा झाला तरी, जाण्यात तो कमीपणा मानत नाही. नांगरट, कुरण, गुरे यांची त्याला जाण असते. शेजाऱ्यांना तो पाळीपाळीने जेवावयास बोलावतो. गावात वैद्य नसेल तर तो व त्याची पत्नी बागेतल्या व रानातल्या वनस्पतींची औषधे देतात. तंटा कोर्टात जाण्याआधी त्याच्या ओसरीवर मिटावा, इतके कायद्याचे ज्ञान त्याने मिळवलेले असते.

यात सर्वांत लक्षणीय आहे तो भाषेचा विचार. ज्याने अलंकारशास्त्र शिकवले आणि राजापुढे लॅटिन भाषणे केली, तो येथे सांगतो की गावकऱ्यांना उपदेशापेक्षा गोष्टी आणि म्हणी अधिक लक्षात राहतात. नांगर, कुऱ्हाड, धान्याचे माप, आंबवण यांतून आध्यात्मिक अर्थ समजवावा, कारण ख्रिस्तानेही तेच केले. उपदेश एका तासापलीकडे नेऊ नये. प्रश्नोत्तरी शिकवताना पाठ केलेल्या उत्तरावर समाधान न मानता सॉक्रेटिसाप्रमाणे प्रश्नामागून प्रश्न विचारून शेतकऱ्याकडूनच सत्य वदवून घ्यावे. हर्बर्टने हजाराहून अधिक म्हणींचा संग्रह केला होता. तो १६४० मध्ये छापला गेला. विद्वत्ता टाकून देण्याचा हा मार्ग नव्हता. विद्वत्तेला नवे, अधिक अवघड काम देण्याचा हा मार्ग होता.

आणि यातच ताणही आहे. सरदारवर्गातील कोणी प्रतिष्ठेखातर गरीब शेजाऱ्यांबरोबर सुरुवातीला न येता प्रार्थनेच्या मध्यावर डौलाने प्रवेश करीत असेल, तर पाळकाने ते मुळीच खपवून घेऊ नये आणि तो ऐकत नसेल तर त्याचे नाव वरिष्ठांकडे कळवावे, असे हर्बर्ट बजावतो. अर्लाच्या वाड्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाने हे लिहावे यातले धैर्य लहान नाही. परंतु तोच हर्बर्ट दानाच्या बाबतीत सुचवतो की, गरिबाला ठरीव मदत देऊ नये, कारण मग तो तिला आपला हक्क समजू लागेल. प्रार्थना व श्रद्धासूत्रे ज्याला नीट येतात त्याला अधिक द्यावे. येथे दया आणि नियंत्रण एकाच हाताने वाटले जाते. आजच्या वाचकाला हे खटकेल आणि खटकावे. हर्बर्टची करुणा त्याच्या काळाच्या समाजरचनेच्या आत होती, बाहेर नव्हती.

या रचनेचे सर्वांत सुंदर रूप गावशिवेच्या मिरवणुकीत दिसते. वसंत ऋतूत सारा गाव पाळकासह शिवारातून व हद्दीवरून चालत जाई. जुन्या कॅथलिक चालीरीतींचा वास येतो म्हणून कट्टर सुधारणावाद्यांना ही प्रथा नकोशी झाली होती. हर्बर्ट मात्र तिची बाजू घेतो. पिकासाठी आशीर्वाद मागितला जातो, हद्दी न्यायाने राखल्या जातात, बरोबर चालताना जुनी भांडणे मिटतात आणि गरिबांना काही दिले जाते, ही त्याची चार कारणे. पंढरीची दिंडी वा गावदेवीची पालखी पाहिलेल्या अभ्यासकाला, एकत्र चालण्यातून समाज घडतो हा विचार नव्याने समजावून द्यावा लागणार नाही.

बेमर्टनच्या घरात पत्नीखेरीज त्याच्या तीन पोरक्या भाच्या राहत. कामाचा काही भार साहाय्यक धर्मगुरूवर होता, कारण हर्बर्टचे शरीर थकत चालले होते. आठवड्यातून दोनदा तो सॉल्झबरीला संगीत ऐकण्यासाठी जाई. ल्यूट आणि व्हायोल ही वाद्ये तो स्वतः वाजवीत असे. क्षयाने १ मार्च १६३३ रोजी तो मरण पावला आणि त्याच लहान चर्चमध्ये त्याचे दफन झाले. आयुष्यात त्याने इंग्रजी कवितांचे पुस्तक छापले नव्हते. कवितांचे हस्तलिखित फेररच्या हाती पोहोचले आणि त्याच वर्षी केंब्रिजहून द टेंपल हा संग्रह निघाला. त्यातील बऱ्याच कविता एका आधीच्या हस्तलिखितात सापडतात आणि ते बेमर्टनपूर्व काळातील मानले जाते. तेव्हा गावाने त्याला कवी केले असे म्हणता येत नाही. त्या कवितांतील साधेपणाचा ध्यास गावात येऊन आचरणाच्या कसोटीला लागला, एवढे म्हणणे रास्त ठरेल.

द कंट्री पार्सन १६५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर यादवी युद्ध होऊन राजाचा शिरच्छेद झाला होता, १६४५ मध्ये प्रार्थनासंहितेवर बंदी आली होती आणि बिशपांची पदे रद्द झाली होती. ज्या पॅरिशचे ते वर्णन होते तिची चौकटच मोडली होती. मार्गदर्शक म्हणून लिहिलेले पुस्तक अशा रीतीने हरवलेल्या गावाचे स्मरण होऊन वाचकांपुढे आले. वॉल्टनची भक्ती आणि नंतरच्या पिढ्यांची ओढ यांचे मूळ येथे शोधावे लागते.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या चरित्रात दोन दुवे सापडतील. ज्या विल्टशरमध्ये हर्बर्टने अखेरची वर्षे काढली, त्याच परगण्यातील बुशटन येथे १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला होता. तो जेझुइट होऊन १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. एक कॅथलिक, दुसरा अँग्लिकन. एकाने मायदेश सोडला, दुसऱ्याने दरबाराची वाट. दोघांची परस्परांशी गाठ पडली नाही. तरीही विद्वानाने सामान्यांशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न दोघांपुढे एकच होता आणि दोघांनीही श्रोत्याची बोली स्वतः शिकून त्याचे उत्तर दिले. दुसरा दुवा अलीकडचा आहे. बेमर्टनचे ते जुने रेक्टरगृह पुढे विक्रम सेठ या भारतीय लेखकाने विकत घेतले आणि हर्बर्टच्या काव्यरूपांना प्रतिसाद देणाऱ्या कविता रचल्या. त्या द रिव्हर्ड अर्थ या २०११ च्या पुस्तकात आहेत. खेडे आता सॉल्झबरी शहरात मिसळले आहे, पण रस्त्यापलीकडचे लहान चर्च उभे आहे. तीन वर्षांच्या पाळकपणाचे मोल वर्षांच्या संख्येने ठरत नाही. श्रोत्यापर्यंत पोहोचण्यासाठी वक्त्याने स्वतःत किती बदल करून घेतला यावरून ते ठरते, आणि या मापाने हर्बर्टची ती वर्षे भरगच्च होती.