कीटकांच्या आजारांचा अभ्यासक

बेलापूरच्या शिवारातील हरभऱ्यावर घाटेअळी पडली, तर शेजारच्या राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती विषाणूच्या फवारणीची. सायंकाळी फवारायची, उन्हाने विषाणू निकामी होऊ नये म्हणून द्रावणात नीळ मिसळायची. या उपायाला शास्त्राची भक्कम बैठक दिली ती एडवर्ड स्टाइनहाउस यांनी.

१९१४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात जन्मलेले स्टाइनहाउस मूळचे जीवाणुशास्त्रज्ञ. १९४५ मध्ये बर्कले येथे त्यांनी कीटकांच्या रोगांची प्रयोगशाळा उभारली. ते दिवस डीडीटीच्या दिग्विजयाचे होते. आजारी अळ्या गोळा करणारा संशोधक अनेकांना विक्षिप्तच वाटला असावा. कॅलिफोर्नियात लसूणघासावरील अळ्या विषाणूने पटापट मरत, पण बहुधा पीक फस्त झाल्यावर. मेलेल्या अळ्या पाण्यात कालवून ते पाणी आधीच फवारले तर? स्टाइनहाउस यांनी ते करून दाखविले. मात्र अळी मरायला काही दिवस लागतात, म्हणून ती लहान असतानाच फवारणी हवी, ही अट त्यांनी लपविली नाही.

१९४९ मध्ये त्यांचा या विषयावरील मूलभूत ग्रंथ आला, १९५९ मध्ये स्वतंत्र नियतकालिक. २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अवघ्या ५४व्या वर्षी ते निवर्तले. युरोपातून आलेल्या आणि अमेरिकेची जंगले ओरबाडणाऱ्या जिप्सी पतंगावरील विषाणूला तेथे अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर, १९७८ मध्ये. २०१८ मध्ये अमेरिका खंडातील लष्करी अळी भारतातील मक्यावर उतरली, तेव्हा येथील संशोधकांनी तिच्याही विषाणूचा शोध सुरू केला.