एडवर्ड 'बुच' ओहेअर

शिकागोला जाणाऱ्या आपल्याकडील अनेकांना ओहेअर विमानतळ ठाऊक असतो. ते एका माणसाचे नाव आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

एडवर्ड ओहेअर, मित्रांचा 'बुच', १३ मार्च १९१४ रोजी सेंट लुइस येथे जन्मला. वडील वकील. कुख्यात गुंड अल कपोन याच्याशी त्यांचे व्यवहार होते. पुढे त्यांनीच प्राप्तिकर खात्याला माहिती पुरविली आणि १९३१ साली कपोन करचुकवेगिरीत दोषी ठरला. मुलाला नौदल अकादमीत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी हे केले, अशी आख्यायिका आहे. तिच्यावर फार विसंबू नये. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोत वडिलांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा बुच पेन्साकोला येथे विमानोड्डाणाचे शिक्षण घेत होता.

२० फेब्रुवारी १९४२ रोजी 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू नौका जपान्यांच्या रबाउल तळाच्या रोखाने चालली होती. जपानी बाँबफेकी विमानांची पहिली तुकडी आली; बहुतेक लढाऊ विमाने तिच्या मागे लागली. तोच दुसऱ्या बाजूने आणखी आठ विमाने आली. त्यांच्या आड दोनच 'वाइल्डकॅट' विमाने होती, आणि त्यांतल्या एकाच्या मशीनगन ऐनवेळी अडकल्या! उरला एकटा ओहेअर. त्याच्या चार मशीनगनना प्रत्येकी सुमारे ४५० गोळ्या, म्हणजे सलग झाडल्या तर जेमतेम ३४ सेकंदांचा दारूगोळा. त्याने अगदी जवळ जाऊन, इंजिनावर नेम धरून, मोजून गोळ्या झाडल्या. पाच विमाने पाडल्याचे श्रेय त्याला मिळाले. युद्धानंतर जपानी नोंदी पडताळल्यावर हा आकडा तीनवर आला. पण नौकेला एकही बाँब लागला नाही, हे त्याहून महत्त्वाचे. परतताना आपल्याच नौकेवरील एका तोफचीने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातूनही तो वाचला.

एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले. नंतरचे बरेच महिने नव्या वैमानिकांना शिकविण्यात गेले.

२६ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री, गिल्बर्ट बेटांजवळ, तो 'एंटरप्राइझ'वरून उडाला. अंधारात विमानवाहू नौकेवरून शत्रूला गाठण्याचा प्रयोग तेव्हा अगदी नवा होता : रडार असलेले एक 'ॲव्हेंजर' पुढे आणि त्याच्याबरोबर दोन 'हेलकॅट'. एक जपानी विमान त्यांच्या रांगेत शिरले, गोळीबार झाला आणि ओहेअरचे विमान काळोखात खाली गेले. आपल्याच माणसाची गोळी लागली, असा संशय पुष्कळ वर्षे होता. पुढील संशोधनाने जपानी गोळीकडे बोट दाखविले. तो सापडला नाही, विमानही नाही. वय २९, मुलगी वर्षाचीही झाली नव्हती.

१९४९ साली शिकागोच्या ऑर्चर्ड विमानतळाला त्याचे नाव दिले. सामानाच्या चिठ्ठीवरची 'ओ-आर-डी' ही अक्षरे मात्र अजूनही त्या जुन्या नावाचीच आहेत.