अंगणात गेलेली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. मुलांची जिज्ञासा हेच शिक्षणाचे बीज होय, अशी त्यांची श्रद्धा होती.

१९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी बालवाडी उघडली. परंतु गोरगरिबांची मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी त्यांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! शिंपले, बिया, पाने ही तिची साधने. मुले ती निरखीत, मोजीत आणि प्रश्न विचारीत.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत. म्हणून शाळा कुरणातही भरू लागली. मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ताराबाईंनी विकासवाडी उभारली. भावंड पाळणाघरात निजे आणि ताई शेजारच्या वर्गात निश्चिंतपणे शिके.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब लाभला. १९७३ साली त्या निवर्तल्या. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा धडा त्यांनी मोठ्यांना दिला.