व्याज सवलत ते कृषी विद्यापीठ: हे पंजाबराव देशमुख नेमके कोण होते?

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने पीककर्ज मुदतीत फेडलं, तर त्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. त्याची मुलं शहरात शिकायला गेली, तर वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही त्यांच्याच नावाची. आणि बियाणं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं घेतलं, तर तिथेही हेच नाव.

पहिले कृषिमंत्री?

त्यांना अनेकदा देशाचे पहिले कृषिमंत्री म्हटलं जातं. ते बरोबर नाही. १९४७ मध्ये अन्न व कृषी खातं राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होतं. पंजाबराव १९५२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि १९६२ पर्यंत केंद्रात मंत्री राहिले. या काळातही मंत्रालयाची कॅबिनेट जबाबदारी रफी अहमद किडवई, अजित प्रसाद जैन, स. का. पाटील अशा नेत्यांकडे होती.

मग त्यांचं नाव एवढं का टिकलं?

पापळ ते दिल्ली

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ इथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर त्यांनी आंतरजातीय विवाह केला. अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं, यासाठीच्या सत्याग्रहातही ते पुढे होते.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. १९३३ मध्ये तिथे शेतकऱ्यांच्या कर्जाच्या तडजोडीसाठी लवादाचा कायदा आला. या कायद्याचं श्रेय वऱ्हाडात त्यांना दिलं जातं.

त्याच सुमारास अमरावतीत त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. बहुजनांच्या मुलांना गावाजवळ शाळा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. चिखलीचं श्री शिवाजी महाविद्यालय याच संस्थेचं.

दिल्लीत काय केलं?

संविधान सभेत त्यांनी मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न लावून धरला. मंत्री असताना भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रचार केला. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. या संघटनेने दिल्लीत भरवलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाला डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही आले होते.

१० एप्रिल १९६५ रोजी त्यांचं निधन झालं. चार वर्षांनी अकोल्याचं कृषी विद्यापीठ सुरू झालं.

आज त्यांचं काय उरलं?

त्यांनी कर्ज आणि शिक्षण हे दोन प्रश्न एकत्र पाहिले. शाळा उभ्या राहिल्या, मुलं शिकली. कर्जाचा प्रश्न मात्र सुटला नाही. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता आणि त्यांचा अमरावती जिल्हाही. म्हणूनच त्यांच्या नावाने आजही व्याज सवलतीची योजना लागते.